अनंत निसर्गात आहे की फक्त वहीत?

१९५१ साली हार्वर्ड विद्यापीठात एडवर्ड पर्सेल आणि रॉबर्ट पाउंड यांनी लिथियम फ्लोराइडचा एक स्फटिक चुंबकीय क्षेत्रात ठेवला आणि ते क्षेत्र क्षणार्धात उलटं केलं. या स्फटिकातली अणुकेंद्रं म्हणजे इवलेइवले चुंबकच. क्षेत्राच्या दिशेने तोंड करून असलेल्यांची संख्या आधी थोडी जास्त होती. क्षेत्र उलटताच तेच सगळे विरुद्ध दिशेचे ठरले. पुढच्या काही मिनिटांत ते पुन्हा वळत गेले. या परतीच्या वाटेवर एक क्षण असा येतो की निम्मे चुंबक एका बाजूला आणि निम्मे दुसऱ्या बाजूला असतात. भौतिकशास्त्रातली तापमानाची व्याख्या लावली, तर त्या क्षणी या चुंबकांचं तापमान अनंत असतं.

स्फोट झाला नाही. स्फटिक वितळलाही नाही. झालं ते एवढंच: तापमान काढताना ऊर्जेतल्या बदलाला एन्ट्रॉपीतल्या, म्हणजे ढोबळमानाने विस्कळीतपणातल्या, बदलाने भागतात. निम्मे इकडे आणि निम्मे तिकडे ही सर्वांत विस्कळीत अवस्था. तिथे ऊर्जा किंचित वाढवली तरी विस्कळीतपणा आणखी वाढत नाही, म्हणजे भाजक शून्य होतो आणि उत्तर हाताबाहेर जातं. व्याख्येतला भागाकार उलटा मांडायची पद्धत असती, तर त्याच क्षणी उत्तर शून्य आलं असतं आणि कुणी वळूनही पाहिलं नसतं.

निसर्गात अनंत शोधायला निघालेल्याला हे उदाहरण आधीच सांगून ठेवावं असं मला वाटतं. कारण इथे अनंत आलं ते मोजपट्टीमुळे, वस्तूत तसं काही नव्हतं. मग मोजपट्टी बदलली तरी जाणार नाही असं अनंत कुठे आहे का?

या प्रश्नाचे दोन भाग अ‍ॅरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातच वेगळे केले होते. एक अनंत म्हणजे न संपणारी क्रिया. मोजत राहा, कुठल्याही आकड्याच्या पुढे आणखी एक आकडा आहेच. दुसरं अनंत म्हणजे ते सगळे आकडे एकदम, पुरे झालेले, समोर हजर. पहिलं त्याने मान्य केलं, दुसरं नाकारलं, आणि दोन हजारांहून जास्त वर्षं युरोपातल्या बहुतेक विद्वानांनी त्याचीच री ओढली. खरं तर पहिल्या प्रकारावर पुष्कळ काम भागतं. केरळात चौदाव्या शतकात माधवाने दिलेली श्रेणी घ्या: १ − १/३ + १/५ − १/७, अशीच पुढे. तिची बेरीज पाय (π) या संख्येच्या चौथ्या हिश्श्याकडे सरकत जाते. श्रेणीला शेवट नाही, पण शेवट गाठायची गरजही नाही. हवी तेवढी पदं घ्या, चूक हवी तेवढी लहान करा आणि थांबा.

दुसऱ्या प्रकाराच्या वाटेला आपल्याकडे भास्कराचार्य गेले. 'बीजगणित' या ग्रंथात त्यांनी शून्याने भागलेल्या राशीला खहर म्हटलं आणि तिच्याबद्दल एक सुंदर श्लोक लिहिला: प्रलयाच्या वेळी सगळे जीव अच्युतात विलीन झाले किंवा सृष्टीच्या वेळी त्याच्यातून बाहेर पडले, तरी त्याच्यात जसा फरक पडत नाही, तसा खहर राशीत कितीही मिळवलं किंवा तिच्यातून कितीही काढलं तरी ती बदलत नाही. आजच्या गणितात शून्याने भागायलाच मनाई आहे, त्यामुळे खहर जशीच्या तशी चालत नाही. जैन ग्रंथांनी तर संख्येय, असंख्येय आणि अनंत असे वर्ग पाडून त्यांचे पोटभेदही केले. हे सगळं वाचून 'आपल्याला आधीच ठाऊक होतं' अशी छाती फुगवणारे लेख पुष्कळ निघतात. मला ते पटत नाहीत. वर्गीकरण आणि उपमा वेगळी, सिद्धता वेगळी. पण 'मिळवलं तरी वाढत नाही' हा गुण भास्कराचार्यांनी अचूक हेरला होता, आणि पुढे सगळा खेळ त्याच गुणाभोवती रंगला.

गॅलिलिओला तो १६३८ साली असा भेटला. १, २, ३, ४ या संख्या एका ओळीत लिहा आणि प्रत्येकीखाली तिचा वर्ग लिहा: १, ४, ९, १६. प्रत्येक संख्येला एक वर्ग आणि प्रत्येक वर्गाला एक संख्या. म्हणजे दोन्ही ओळी सारख्याच लांब. पण वर्गसंख्या तर सगळ्या संख्यांतल्या मोजक्याच! गॅलिलिओने हात जोडले: लहान, मोठं, समान हे शब्द अनंताला लावूच नयेत.

एकोणिसाव्या शतकातल्या गेऑर्ग कॅन्टर या जर्मन गणितज्ञाने ते लावले. त्याची युक्ती पंगतीची आहे. पंगतीत किती पानं मांडली आणि किती माणसं आली हे न मोजताही, प्रत्येक पानावर एकच माणूस बसला आणि एकही पान किंवा माणूस उरला नाही, तर दोन्ही सारखी आहेत हे दिसतंच. मोजणं नको, जोड्या लावा. या कसोटीवर वर्गसंख्या आणि सगळ्या संख्या खरोखरच सारख्या. अपूर्णांकसुद्धा तेवढेच. इथपर्यंत वाटतं की सगळी अनंतं एकाच मापाची असणार.

तसं नाही, हे कॅन्टरने १८७४ साली दाखवलं, आणि १८९१ मध्ये त्याची आणखी सोपी सिद्धता दिली. ती इतकी छोटी आहे की इथे मांडता येते. ० आणि १ यांच्यामधल्या सगळ्या दशांश संख्यांची यादी कुणीतरी आणून दिली असं समजा: पहिली, दुसरी, तिसरी, न संपणारी. आता आपण एक नवी संख्या तयार करू. यादीतल्या पहिल्या संख्येचा पहिला दशांश अंक बघा. तो ५ असेल तर आपण ६ लिहायचा, नसेल तर ५. दुसऱ्या संख्येचा दुसरा अंक बघा, पुन्हा तसंच. तिसरीचा तिसरा. अशी तयार होणारी संख्या पहिलीपेक्षा पहिल्या स्थानी वेगळी, दुसरीपेक्षा दुसऱ्या स्थानी, दहा लाखावीपेक्षा दहा लाखाव्या स्थानी. म्हणजे ती यादीत कुठेच नाही. कुणी म्हणेल, मग घाला तिला यादीत. घाला. नव्या यादीवर तीच युक्ती पुन्हा चालते. माणसं उरणारच, पानं कशीही मांडा. या संख्यांचं अनंत १, २, ३ च्या अनंताहून मोठं आहे, आणि त्याहूनही मोठी अनंतं आहेत.

कॅन्टर स्वतःही चकित व्हायचा. रेषेवर जेवढे बिंदू तेवढेच चौकोनातही असतात हे सिद्ध झाल्यावर १८७७ मध्ये त्याने आपला गणितज्ञ मित्र डेडेकिंडला पत्रात फ्रेंचमध्ये लिहिलं, 'मला दिसतंय, पण विश्वास बसत नाही.' बर्लिनच्या क्रोनेकर या गणितज्ञाने या सगळ्याला कडाडून विरोध केला. कॅन्टरला पुढे मानसिक आजार झाला, आणि अनंताचा विचार करून तो वेडा झाला अशी कथा रंगवून सांगितली जाते. ती खपते छान. आजारी माणसावर अन्याय करते.

या सिद्धतेत एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. अनंत यादी कुणी लिहिली नाही, लिहिणारही नाही. लिहिला तो फक्त एक नियम: 'न-व्या संख्येचा न-वा अंक बदल'. तो अर्ध्या ओळीत मावतो. गणितातलं अनंत असंच हाताळलं जातं, मर्यादित नियमांनी आणि मर्यादित लांबीच्या सिद्धतांनी. मग ते 'आहे' असं म्हणायचं का? याची एक कडक परीक्षा १, २, ३ चं अनंत आणि दशांश संख्यांचं अनंत यांच्या मधल्या मापाचं अनंत आहे का, या प्रश्नाने घेतली. कॅन्टरला वाटायचं, नाही. कुर्ट गोडेलने १९४० पर्यंत दाखवलं की प्रचलित गृहीतकांवरून कॅन्टरचं म्हणणं खोटं ठरवता येत नाही. १९६३ मध्ये पॉल कोहेनने दाखवलं की ते खरंही ठरवता येत नाही. एव्हरेस्टची उंची कुणी मोजली नाही तरी ती ठरलेली असते. इथे तसं काही ठरलेलं आहे का, यावरच तज्ज्ञांत दुमत आहे. गोडेलचं मत होतं की उत्तर आहे, आपली गृहीतकं अपुरी आहेत. मला उलट वाटतं. अर्धवट आखलेल्या नकाशात न काढलेली नदी शोधण्यासारखं ते आहे. पण गोडेलसमोर माझं मत किती वजनाचं, ते वाचकाने ठरवावं.

जर्मन गणितज्ञ डेव्हिड हिल्बर्टने १९२५ साली म्युन्स्टर इथे दिलेलं व्याख्यान एका वाक्यासाठी प्रसिद्ध आहे: कॅन्टरने आपल्यासाठी निर्मिलेल्या नंदनवनातून आपल्याला कुणी हाकलू शकणार नाही. त्याच व्याख्यानातला दुसरा भाग फारसा उद्धृत होत नाही. त्यात हिल्बर्ट म्हणतो की प्रत्यक्षात अनंत कुठेच सापडत नाही. म्हणजे नंदनवन राखायचं, पण ते या जगात नाही हे कबूल करून.

भौतिकशास्त्रातला अनुभव बऱ्याच अंशी हिल्बर्टच्या बाजूने आहे. तिथे गणित करताना उत्तर अनंत आलं की ते सहसा धोक्याची घंटा ठरतं. एकोणिसाव्या शतकातल्या नियमांनुसार तापलेल्या बंद पोकळीतून अनंत ऊर्जा बाहेर पडायला हवी होती. मॅक्स प्लांकने १९०० साली ऊर्जा पुड्यापुड्यांनी वाटली जाते असं मानलं आणि अनंत नाहीसं झालं. इलेक्ट्रॉनचं स्वतःच्याच क्षेत्राशी होणारं देणंघेणं मोजताना पुन्हा अनंत उपटलं. टोमोनागा, श्विंगर आणि फाइनमन यांनी ते बाजूला सारून अचूक उत्तरं काढायची रीत बसवली, त्यांना १९६५ चं नोबेलही मिळालं, पण डिरॅक यांना ती शेवटपर्यंत लबाडी वाटत राहिली. कृष्णविवराच्या पोटात घनता अनंत होते असं आपण सर्रास वाचतो. कोलकात्याच्या अमलकुमार रायचौधुरी यांच्या १९५५ च्या समीकरणावर उभं असलेलं रॉजर पेनरोज यांचं १९६५ चं प्रमेय मात्र इतकंच सांगतं की तिथे वाटा संपतात: आत पडणाऱ्या प्रकाशाचा मार्ग एका टप्प्यापुढे वाढवताच येत नाही. अनंत घनतेपेक्षा हे विधान अधिक नेमकं आहे, आणि मला तरी अधिक अस्वस्थ करणारं.

विश्वाच्या आकाराचं प्रकरण वेगळं आहे. तिथे अनंत हा हिशोबातला बिघाड मानता येत नाही. तो खुला पर्याय आहे. आपल्याला दिसू शकतं ते विश्व सर्व दिशांनी सुमारे ४,६०० कोटी प्रकाशवर्षांपर्यंत पसरलेलं आहे. त्यापलीकडून प्रकाश अजून पोहोचलेलाच नाही. पण पलीकडे काही नाही असा त्याचा अर्थ होत नाही. अप्रत्यक्ष पुरावा म्हणून अवकाशाची वक्रता मोजतात. पृथ्वीच्या पृष्ठभागासारखी आत वळणारी वक्रता असेल तर विश्व मर्यादित. प्लांक उपग्रहाच्या आणि इतर मोजमापांनुसार अवकाश अर्ध्या टक्क्याहूनही कमी फरकाच्या आत सपाट आहे.

सपाट, म्हणून अनंत? इथे दोन अडचणी आहेत. पहिली, सपाट अवकाशही मर्यादित असू शकतं: सरळ जात राहिलं की विरुद्ध बाजूने मूळ जागी परत यावं अशी त्याची जोडणी असू शकते. अशा जोडणीच्या खुणा वैश्विक सूक्ष्मतरंगांच्या, म्हणजे विश्वाच्या सुरुवातीच्या काळापासून सगळीकडे पसरलेल्या प्रारणाच्या, नकाशात शोधल्या गेल्या, सापडल्या नाहीत. म्हणजे अशी जोडणी असलीच तर ती दृश्य विश्वाच्या आवाक्याबाहेर असावी. दुसरी अडचण मूलभूत आहे. वक्रता 'नेमकी शून्य' असं कुठलंही उपकरण सांगू शकत नाही. ते सांगतं, 'शून्याच्या इतकी जवळ'. आणि शून्याहून तिळभर जास्त वक्रता असेल तर विश्व अवाढव्य असलं तरी मर्यादित. अतिवाहकाच्या, म्हणजे विजेला अजिबात विरोध न करणाऱ्या पदार्थाच्या, कड्यात फिरणाऱ्या विद्युतप्रवाहाचंही असंच. तो किती काळ टिकेल हे १९६० च्या दशकात मोजलं गेलं तेव्हा निष्कर्ष निघाला: लाख वर्षांहून कमी नाही. मोजमाप 'याहून जास्त' म्हणू शकतं. 'अनंत' म्हणणं त्याच्या आवाक्यात नाही.

जाता जाता एक गैरसमज. बिग बँगच्या वेळी विश्व एका बिंदूएवढं होतं आणि आता ते कदाचित अनंत असेल, ही दोन वाक्यं एकत्र नांदत नाहीत. फुगत फुगत मर्यादिताचं अनंत होत नाही. आज ते अनंत असेल तर तेव्हाही अनंतच होतं, फक्त कमालीचं दाट. बिंदूएवढा होता तो आज आपल्याला दिसणारा तुकडा.

काळाच्या अनंताचा आग्रह मात्र एका मराठी शास्त्रज्ञाने आयुष्यभर धरला. कोल्हापूरला १९३८ साली जन्मलेले जयंत नारळीकर यांनी फ्रेड हॉयल यांच्यासोबत स्थिर विश्वाच्या सिद्धांतावर काम केलं: विश्वाला आरंभ नाही, ते कायम साधारण असंच असतं, असं तो मानतो. १९६५ मध्ये सूक्ष्मतरंगांच्या पार्श्वभूमी प्रारणाचा शोध जाहीर झाल्यावर बहुतेकांनी तो सिद्धांत सोडला. १९९३ मध्ये हॉयल आणि बर्बिज यांच्याबरोबर नारळीकरांनी त्याची सुधारित आवृत्ती मांडली: विश्व आकुंचन-प्रसरणाचे फेरे घेतं, पण त्याला आरंभ नाही. बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञांना ती पटली नाही, आणि पुरावा बघता मलाही पटत नाही. पण आरंभ मानला की त्या आरंभक्षणाचं भौतिकशास्त्र देता आलं पाहिजे हा त्यांचा हट्ट मात्र रास्त होता. २०२५ मध्ये ते गेले तेव्हाही ते भौतिकशास्त्र कुणाकडे नव्हतं.

लहानाच्या दिशेने बघितलं तर अवकाशाचे तुकडे कुठवर करता येतील? सुमारे १.६ गुणिले १० चा उणे ३५ वा घात मीटर, या प्लांक लांबीच्या खाली आपली समीकरणं भरवशाची राहत नाहीत. अवकाश त्या पातळीवर दाणेदार असेल, असा पुष्कळांचा अंदाज आहे. २००९ मध्ये फर्मी या अवकाश दुर्बिणीने ७०० कोटींहून जास्त वर्षं प्रवास करून आलेला गॅमा किरणांचा स्फोट टिपला. कमी-जास्त ऊर्जेचे फोटॉन त्यात एक-दोन सेकंदांच्या आत पोहोचले. अवकाश साधेपणाने दाणेदार असतं तर त्यांच्या पोहोचण्याच्या वेळेत जास्त फरक पडला असता, असं काही सिद्धांत सांगत होते. ते बाद झाले. प्रश्न उभाच आहे.

आता उलट बाजू. निसर्गात अनंत दिसत नसेल तर ते सोडून द्यावं का? पाणी उकळण्याचं उदाहरण बघा. ग्लासभर पाण्यात सुमारे ८ वर चोवीस शून्यं इतके रेणू असतात. संख्या प्रचंड, पण मर्यादित. पाण्याची वाफ होताना गुणधर्म एका तापमानाला अचानक बदलतात, आलेखात टोकदार वळण येतं. रेणूंची संख्या मर्यादित धरून गणित केलं तर असं टोक कधीच येत नाही, गुळगुळीत वळण येतं. टोक हवं असेल तर रेणू अनंत आहेत असं मानावं लागतं. यांग आणि ली यांनी १९५२ मध्ये ही गोष्ट नीट उलगडून दाखवली. म्हणजे मर्यादित पाण्याचं साधं वर्णन करायला अनंत लागतं. खऱ्या पाण्याच्या आलेखातही टोक नसणारच, असणार ते फक्त कुठल्याही उपकरणाला न जाणवणारं गुळगुळीत वळण. अनंत इथे सोय आहे. मान्य.

पण रूबेन गुडस्टाइनने १९४४ मध्ये मांडलेल्या प्रमेयात ते नुसती सोय राहत नाही. ४ घ्या. तो २ चा २ रा घात. जिथे जिथे २ आहे तिथे ३ लिहा, घातातसुद्धा: ३ चा ३ रा घात, २७. त्यातून १ वजा करा: २६. आता २६ ला ३ च्या घातांत लिहा, प्रत्येक ३ च्या जागी ४ लिहा, १ वजा करा: ४१. मग ४ च्या जागी ५: ६०. पुढे ८३, १०९. माळ वाढतच जाताना दिसते. प्रमेय सांगतं की कुठल्याही संख्येपासून सुरू करा, ही माळ शेवटी शून्यावर येते. विधान निव्वळ पूर्ण संख्यांबद्दलचं आहे, अनंताचा त्यात उल्लेखही नाही. तरीही १९८२ मध्ये कर्बी आणि पॅरिस यांनी सिद्ध केलं की पूर्ण संख्यांच्या नेहमीच्या नियमांवरून ते सिद्ध करताच येत नाही. सिद्धता मिळते ती कॅन्टरच्या अनंत क्रमांकांचा, म्हणजे १, २, ३ सगळे संपल्यावरही पुढे चालू राहणाऱ्या क्रमांकांचा, आधार घेतल्यावर.

आणि ४ ची माळ शून्यावर यायला लागणाऱ्या पायऱ्यांची संख्या १२ कोटींहून जास्त अंकी आहे. दृश्य विश्वातल्या अणूंची संख्या जेमतेम ८० अंकी भरते. म्हणजे ही संख्या मर्यादित असूनही निसर्गात कशाचीच मोजदाद ती होऊ शकत नाही. 'निसर्गात नाही म्हणून अनंत खोटं' असं म्हणणाऱ्याला मग हिलाही खोटं म्हणावं लागेल, आणि जवळजवळ सगळ्याच मर्यादित संख्यांना. काही जण तसं म्हणतातही. रटगर्स विद्यापीठाचे डोरॉन झाइलबर्गर संख्यांची माळ कुठेतरी संपते असं उघड मानतात, आणि त्यांचा हा बाणा मला अर्धवट नाकारणाऱ्यांपेक्षा प्रामाणिक वाटतो. पण त्यांच्यासोबत जायचं तर ४ ची माळ शून्यावर येते हे वाक्यही सोडावं लागेल, आणि ते मला खरं वाटतं, जरी त्या पायऱ्या कुणी कधी उतरणार नसलं तरी.